हलती चित्रे आणि सायकल

लहानपणी कोणती कार्टून पाहिलीत, असे चाळिशीतल्या कोणाही माणसाला विचारून पाहा. तो क्षणभर हसेल आणि भराभर नावे सांगू लागेल. जंगलातला मोगली, पैशांच्या राशीत सूर मारणारा कंजूष बदककाका, भिंतीवर सरसर चढणारा स्पायडरमॅन. आणखी थोडे खोदून विचारले तर टीव्ही कोणाच्या घरचा होता, बसायला सतरंजी होती की नुसती फरशी, ऐन रंगात आल्यावर वीज कशी जाई, हेही तो सांगेल. पण ही चित्रे काढली कोणी, एवढे मात्र विचारा. तेथे गाडी अडते.

माझीही अडली असती. हा प्रश्न मला लहानपणीच पडला तो एका सायकलमुळे. ती सायकल खरी नव्हती. वहीच्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीने काढलेली होती. तिच्याविषयी, आणि तिच्यामागच्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या इतिहासाविषयी आज थोडे सांगावयाचे आहे.

पुण्याहून साताऱ्याकडे निघाले म्हणजे पन्नासएक किलोमीटरवर सारोळ्याचा पूल लागतो. खालून नीरा वाहते. नदीच्या उत्तरेला पुणे जिल्हा, दक्षिणेला सातारा, आणि पूल ओलांडून थोडे पुढे गेले की आमचे शिरवळ. इतिहासाच्या पुस्तकात या गावाचे नाव येते ते सुभानमंगळ या भुईकोटामुळे. १६४८ साली शिवाजी महाराजांच्या माणसांनी तो आदिलशाही फौजेकडून परत जिंकून घेतला. आज हमरस्त्याच्या कडेने कारखाने उभे आहेत, मोटारी न थांबता खंबाटकीच्या घाटाकडे धावतात. माझ्या लहानपणी रस्ता अरुंद होता, आणि सकाळच्या वेळी त्यावर मोटारींपेक्षा दुधाच्या किटल्या लावलेल्या सायकली अधिक दिसत.

टीव्ही गावात मोजक्या घरी. दूरदर्शनचे मुंबई केंद्र १९७२ साली निघाले, आणि १९७३ पासून सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून त्याचे कार्यक्रम पुण्याच्या भागात दिसू लागले. आमच्या गावचे अँटेने सिंहगडाकडे तोंड करून उभे असत. वारा सुटला की ते फिरत, मग एक पोरगा कौलांवर, एक दारात आणि एक टीव्हीपुढे अशी साखळी लावून त्यांना पुन्हा जागेवर आणावे लागे. "आलं का?" "नाही, नुसत्या मुंग्या!" "आता?" "आलं, आलं! हात काढ आता!" आणि हात काढला की पुन्हा मुंग्या. १९९३ साली मोगलीची मालिका हिंदीतून सुरू झाली. गोष्ट किपलिंगची, चित्रे जपानच्या निप्पॉन ॲनिमेशन या संस्थेने काढलेली, हिंदी शीर्षकगीत गुलजारांचे आणि चाल विशाल भारद्वाज यांची. आम्हाला त्यातले एकही नाव ठाऊक नव्हते. मोगली आमचाच होता, तो नीरेकाठच्या बाभळींतून यायचा, एवढेच आम्ही जाणत होतो.

रविवारी मोगली संपला की आमचा दुसरा कार्यक्रम म्हणजे भाड्याची सायकल. तासाच्या हिशेबाने सायकल मिळे. दुकानदार वहीत नाव आणि वेळ लिहून घेई. सायकल मोठ्यांच्या उंचीची, आमचे पाय काही पायडलला पोचत नसत. म्हणून दांडीखालून पाय घालून, अंग तिरके करून आम्ही ती हाणत असू. एकाने चालवायची, दुसऱ्याने कॅरिअर धरून मागे धावायचे. धरणारा मध्येच सोडून देई. त्याने सोडल्याचे चालवणाऱ्याला कळले, की तो पडे; कळले नाही तोवर सायकल झकास चाले. चित्रे पाहायची आणि सायकल शिकायची, अशी ही दोन सुखे एकाच सकाळी येत. म्हणूनच की काय, माझ्या मनात ती आजही एकमेकांना बांधलेली आहेत.

आता त्या वहीकडे वळतो. आमच्या शाळेत चित्रकलेचे एक शिक्षक होते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी परीक्षांना मुले बसवायची, फळ्यावर सुविचाराभोवती नक्षी काढायची, हे त्यांचे नेमाचे काम. एकदा वर्गात कोणी तरी म्हणाले, "सर, कार्टून मशीनवर होतात ना?" सर हसले. म्हणाले, "मशीन फिरवतं. काढतं माणूस." आणि त्यांनी माझी दोनशे पानी वही मागून घेतली. दोनशे पानी म्हणजे शंभर कागद. पुढचे पंधरा-वीस दिवस मधल्या सुट्टीत ते प्रत्येक कागदाच्या खालच्या कोपऱ्यात एक चित्र काढीत. एक मुलगा, एक सायकल, एक पूल. प्रत्येक कागदावर मुलगा मागच्यापेक्षा जरासा पुढे.

वही पुरी झाल्यावर सरांनी ती अंगठ्याखाली धरून कागद भरभर सोडले. मुलगा निघाला! पायडल फिरू लागले, पूल मागे सरकला, आणि शेवटच्या काही कागदांवर त्याने हँडलवरचा एक हात उचलून आम्हाला दाखवला. सगळा खेळ आठ-दहा सेकंदांचा. आम्ही तो त्या दिवशी पन्नास वेळा तरी पाहिला असेल.

एक पोरगा मात्र बारीक नजरेचा निघाला. म्हणाला, "सर, सायकल पुढं चाललीय, पण चाकं उलटी फिरत्यात!" पाहतो तो खरेच. सर विचारात पडले. मग त्यांनी खोडरबर घेतले आणि शंभर कागदांवरच्या दोनशे चाकांतल्या तारा पुसून काढल्या. प्रत्येक चाकात एकच ठळक रेघ ठेवली आणि ती कागदागणिक थोडी थोडी पुढे नेली. चाके सुलट फिरू लागली. तारा काढून टाकल्यावर चाक खरे दिसावे, हे मला तेव्हा नवल वाटले होते. त्यामागचे गणित पुढे सांगतोच.

या खेळाला मोठा वंश आहे, बरे का. कागद फडफडवून चित्र हलवण्याच्या अशा पुस्तिकेचे पेटंट इंग्लंडमध्ये जॉन बार्न्स लिनेट या गृहस्थाने १८६८ साली घेतले. त्याआधी १८३२ साली बेल्जियमच्या जोसेफ प्लॅटोने फिरत्या तबकडीवरची चित्रे हलवून दाखवली होती. डोळ्यांत मागचे चित्र रेंगाळते म्हणून हालचाल दिसते, असे पुष्कळ दिवस शिकवले जाई. आज शास्त्रज्ञ म्हणतात की ही करामत मुख्यतः मेंदूची आहे. माक्स वेर्टहायमर या संशोधकाने १९१२ साली दाखवून दिले की दोन स्थिर खुणा थोड्या अंतराने एकामागून एक दाखवल्या, तर मेंदू त्यांच्यामध्ये नसलेली हालचाल स्वतःच भरून काढतो.

आपल्याकडेही हे वेड फार जुने. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ साली 'शांबरिक खरोलिका' नावाचा खेळ सुरू केला. शांबरिक म्हणजे मायावी. काचेच्या पट्ट्यांवर बारीक कुंचल्याने रंगवलेली चित्रे दिव्याच्या यंत्रातून पडद्यावर टाकायची आणि पट्ट्या अशा चपळाईने बदलायच्या की चित्रांतली माणसे हालचाल करताहेत असे वाटावे. सोबत निवेदन आणि संगीत. चार वर्षांनी, ७ जुलै १८९६ रोजी, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचा सिनेमा आला. त्या दिवशी जे सहा छोटे चित्रपट दाखवले, त्यांतल्या एकात कारखान्यातून सुटणारे कामगार होते, त्यांत सायकलवालाही दिसतो. आणि दुसऱ्याचे तर नावच सायकलींवर बसलेल्या स्त्रिया आणि शिपाई अशा अर्थाचे होते. म्हणजे हिंदुस्थानात सिनेमा ज्या दिवशी आला, त्याच दिवशी त्याच्या पडद्यावर सायकलही आली.

छायाचित्रात सायकल आणणे सोपे. ती असते तशी दिसते. हाताने काढलेल्या चित्रात तिला चालवणे निराळे. त्या वाटेवरचे आपले पहिले नाव दादासाहेब फाळके यांचे. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली लागला, हे आपण शाळेत शिकतो. पण त्याच्या आदल्या वर्षी, १९१२ साली, फाळक्यांनी एक इवलासा चित्रपट काढला होता. कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर रोवला आणि रोज थोडे थोडे चित्रण करीत गेले. महिन्याहून अधिक काळ चाललेली रोपाची वाढ पडद्यावर क्षणात दिसली. वेर्टहायमरचा शोध आणि फाळक्यांचा वाटाणा, दोन्ही एकाच वर्षातले, आणि दोघांना एकमेकांची वार्ताही नाही! ती फीत पाहून यशवंत नाडकर्णी यांनी फाळक्यांना भांडवल दिले. आपल्या चित्रपटाच्या धंद्याचे पहिले कर्ज असे एका कडधान्याच्या कोंबावर मिळाले.

पुढे पहिले महायुद्ध पेटले, परदेशातून येणारी कोरी फिल्म दुर्मिळ झाली. मोठे चित्रपट काढणे अवघड. अशा दिवसांत, १९१५ साली, फाळक्यांनी 'आगकाड्यांची मौज' काढला. काडेपेटीतल्या काड्या मांडायच्या, एक चौकट टिपायची, काड्या केसभर सरकवायच्या, पुन्हा एक चौकट टिपायची. पडद्यावर काड्या आपोआप हलू लागत. फ्रान्समध्ये एमिल कोल याने १९०८ साली हेच केले होते. त्याच वर्षी सुमारे सातशे चित्रे काढून त्याने दोन मिनिटांहूनही लहान असा एक रेखाचित्रपट तयार केला होता. सातशे चित्रे आणि दोन मिनिटे! या विद्येत माणूस किती खपतो, याचा अंदाज या दोन आकड्यांवरून यावा.

फाळक्यांची ही गोष्ट मला त्या चित्रकलेच्या सरांनीच सांगितली. सांगताना त्यांनी टेबलावर सहा काड्या मांडून सायकल केली होती. चाकांना काड्या वाकेनात, म्हणून दोन बांगड्या कोणा मुलीकडून मागून घेतल्या.

त्यानंतरचा टप्पा प्रभातचा. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली पुण्याला आली, आणि १९३४ साली तिने 'जंबूकाका' हा व्यंगपट काढला. तो रघुनाथ केळकर यांनी तयार केला. जंबूकाका म्हणजे आपल्या गोष्टींतला कोल्हा. डिस्नेचा मिकी उंदीर १९२८ साली आला होता. सहा वर्षांत आपला कोल्हा पडद्यावर आला. याच सुमारास गो. के. गोखले यांचेही व्यंगपट येऊ लागले.

स्वातंत्र्यानंतर, १९४८ साली, सरकारने फिल्म्स डिव्हिजन काढली. तिचे लघुपट आणि वार्तापट मुख्य चित्रपटाच्या आधी दाखवावे लागत. पुसेगावच्या किंवा पालच्या खंडोबाच्या यात्रेत तंबूतला सिनेमा पाहिलेली वडीलधारी मंडळी घरात असतील, तर त्यांना विचारा. खरा सिनेमा सुरू होण्याआधीचे ते सरकारी चित्र त्यांना आठवेल. याच संस्थेत १९५६ साली व्यंगपटांचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. शिकवायला डिस्नेकडे 'बॅम्बी'सारख्या चित्रपटावर काम केलेले क्लेअर वीक्स हे चित्रकार आले. तेथे गोखले होते, आणि नव्याने शिकणाऱ्यांत राम मोहन नावाचा पंचविशीतला तरुण होता; पुढे भारतीय ॲनिमेशनचे पितामह म्हणून त्यांचीच ओळख झाली. १९५७ सालचा 'बनियन डिअर' हा या विभागाचा पहिला गाजलेला चित्रपट. कथा जातकातली, आणि चित्रांची धाटणी आपल्या अजिंठ्याच्या भिंतींवरून घेतलेली.

आणि १९७४ सालचा 'एक अनेक और एकता' कोणाला आठवत नाही? तो पाहिलेल्यांची पिढी आज पन्नाशीच्या आसपास आहे, पण त्याची चाल लागली की मान अजून हलते. त्याच्या दिग्दर्शिका विजया मुळे. ॲनिमेशन भीमसेन यांचे. आणि संगीत वसंत देसाई यांचे. हे वसंत देसाई म्हणजे तरुणपणी प्रभात कंपनीत उमेदवारी केलेले. म्हणजे पाहा, ज्या कंपनीने जंबूकाका काढला, तिच्यातच घडलेल्या माणसाने चाळीस वर्षांनी त्या बालगीताला चाल दिली. धागा तुटलेला नव्हता. आपल्यालाच तो दिसत नव्हता.

आता सायकलीच्या चाकाचे गणित. सिनेमात सेकंदाला चोवीस चौकटी असतात. साधी मोठी सायकल घ्या. तिच्या जुन्या पद्धतीच्या पुढच्या चाकाला ३२ तारा असतात आणि मागच्याला ४०. २८ इंची चाकाचा घेर साधारण सव्वादोन मीटर. चाक एका चौकटीपासून दुसऱ्या चौकटीपर्यंत नेमके एका तारेच्या अंतराने फिरले, तर पहिल्या तारेच्या जागी दुसरी तार येते. सगळ्या तारा सारख्याच. डोळ्याला फरक कळत नाही, आणि चाक थांबल्यासारखे दिसते. ढोबळ हिशेब केला तर पुढच्या चाकाच्या बाबतीत हे ताशी ६ किलोमीटर वेगाला घडते, मागच्याच्या बाबतीत पाचाच्याही आत. म्हणजे पायी चालणाऱ्या माणसाचा वेग! आणि चाक त्याहून जरा हळू फिरले तर दर चौकटीला तार थोडी मागे पडल्यासारखी दिसते; मेंदू जवळची खूण धरतो आणि चाक उलटे फिरते आहे असे ठरवून मोकळा होतो. आमच्या सरांच्या वहीत झाले ते हेच.

म्हणून कसलेला चित्रकार फिरत्या चाकात बत्तीस तारा काढीत नाही. तो दोन-चार रेघा काढतो, किंवा फिक्या रंगाची गोल झाक देतो. खरी अडचण त्यापुढे येते. एक पाय खाली जाताना दुसरा वर येतो, गुडघा वाकतो, कंबर किंचित हलते, आणि हे सगळे चाकाच्या फिरण्याशी जुळावे लागते. घोडा थोडा चुकला तरी खपतो, कारण घोडा रोज कोण पाहतो? सायकल मात्र प्रत्येकाने चालवलेली असते. तिथे खोट चालत नाही. सोय एवढीच की पायडलच्या एका पूर्ण फेरीची चित्रे एकदा नीट काढली, की तीच पुन्हा पुन्हा वापरता येतात. आणि गंमत ऐका, अशा फिरून फिरून येणाऱ्या चित्रमालिकेला या धंद्यात नावच 'सायकल' असे आहे. माणूस चालायचा असेल तर त्याच्या चालण्याची सायकल, पक्षी उडायचा असेल तर उडण्याची.

इतकी अवघड असूनही जगातल्या चित्रकारांनी सायकलीचा नाद सोडला नाही. जपानच्या मियाझाकी यांच्या १९८९ सालच्या 'किकी' चित्रपटात एक मुलगा सायकलीला पंखा लावून उडू पाहतो. फ्रान्सच्या सिल्व्हाँ शोमे यांच्या २००३ सालच्या चित्रपटात एक आजी आपल्या उदास नातवाला तीनचाकी आणून देते, आणि तो मोठेपणी फ्रान्सच्या प्रसिद्ध शर्यतीत उतरतो. पण माझ्या मनात घर करून राहिला तो डच चित्रकार मिकेल डुडोक द विट यांचा 'बाप आणि मुलगी' हा २००० सालचा लघुपट. त्याला ऑस्कर मिळाले. सारा आठ मिनिटांचा, आणि संवाद एकही नाही. एक बाप आणि त्याची लहान मुलगी सायकलींवरून बांधापर्यंत येतात. बाप तिला जवळ घेतो, होडीत बसतो आणि निघून जातो. तो परतत नाही. मुलगी पुन्हा पुन्हा त्या बांधावर येते. कधी वाऱ्याविरुद्ध रेटत, कधी मैत्रिणींबरोबर, कधी आपली मुले घेऊन. शेवटी ती म्हातारी होऊन येते. सायकल स्टँडवर लावू पाहते, ती पडते. पुन्हा लावते, पुन्हा पडते. मग ती सायकल तशीच टाकून पाण्याच्या दिशेने उतरते.

पडणाऱ्या सायकलीचे ते चित्र मी पाहिले तेव्हा मला नीरेचा पूल आठवला, आणि ती वही.

त्या वहीचे काय झाले, हे सांगायचे राहिले आहे. सरांनी ती माझ्याकडे ठेवायला दिली होती. वही माझी म्हणून. "जप. पुढच्या वर्षीच्या पोरांना दाखवू," म्हणाले. दिवाळीच्या आवराआवरीत घरातल्या जुन्या वह्या-पुस्तकांबरोबर ती रद्दीत गेली. वजनावर. दोष घरच्यांचा नाही. त्यांना ती माझी जुनी गणिताची वही दिसली. माझे ध्यान नव्हते. पुढच्या वर्षी सरांनी विचारले, "वही कुठाय रे?" मी म्हणालो, "घरी आहे सर." त्यांनी आणखी दोनदा विचारले. मी दोनदा तेच सांगितले. मग त्यांनी विचारणे सोडले. त्यांना कळले होते, असे मला आज वाटते. सर आता नाहीत, आणि खरे सांगायची वेळ मी गमावली.

एवढे घडल्यावर मी दुसऱ्यांना नावे ठेवावी, हे बरे नव्हे. तरी इतिहास सांगितला पाहिजे. 'आगकाड्यांची मौज' आज पाहायला मिळत नाही. आपल्याकडे तेराशेहून अधिक मूकपट झाले असे मानतात. त्यांतले उरले ते जेमतेम काही डझन, आणि तेही पुष्कळसे तुटक. त्या काळची फिल्म नायट्रेटची, चट्कन पेट घेणारी; शिवाय तिच्यात चांदी असे, म्हणून जुन्या रिळांतली चांदी काढून घेऊन बाकीचे फेकून देत. म्हणजे तीही वजनावरच गेली! १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले. तेथे पी. के. नायर यांनी जन्मभर रिळे शोधून गोळा केली. नाशिकला फाळक्यांच्या घरच्यांपर्यंत जाऊन त्यांच्या चित्रपटांचे उरलेसुरले तुकडे वाचवले. आणि २००३ च्या जानेवारीत पुण्यातच नायट्रेट फिल्मच्या कोठारांना आग लागून त्यात असंख्य जुनी रिळे जळाली. प्रभातच्या चित्रपटांचीही.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. आपल्याला मोगली आठवतो आणि जंबूकाका आठवत नाही, तो का? मोगली श्रेष्ठ आणि जंबूकाका कनिष्ठ म्हणून नव्हे. मोगली जपून ठेवला गेला, पुन्हा पुन्हा दाखवला गेला. जंबूकाका एकदा पडद्यावर येऊन गेला, आणि त्याला पाहिलेली माणसेही गेली. बालपणाची आठवण आपल्याला वाटते तेवढी आपल्या मनाची नसते. कोणी तरी रीळ डब्यात घालून, डबा थंड जागी ठेवून, त्याच्यावर नाव लिहून ठेवलेले असते, म्हणून आपल्याला ती आठवण येते. 'एक अनेक' टिकला, म्हणून पन्नास वर्षांमागची आई आज आपल्या नातवंडाला तो दाखवू शकते. जुन्या कार्टूनांविषयी नुसता उमाळा येऊन भागत नाही. उमाळा सगळ्यांनाच येतो. डबा जपणारे थोडे.

हे काम फक्त पुण्या-मुंबईच्या संस्थांचे आहे असेही नाही. आपल्या गावातल्या जुन्या शाळेच्या कपाटात चित्रकलेच्या शिक्षकांनी काढलेले तक्ते पडून असतील. एखाद्या घरी तंबूच्या सिनेमाची जाहिरात असेल, कोणाकडे रंगवलेल्या काचा असतील, कोण्या मुलाने वहीच्या कोपऱ्यात हलती चित्रे काढलेली असतील. रद्दी घालण्याआधी वह्यांचे कोपरे एकदा अंगठ्याखाली धरून पाहा. निदान काढणाऱ्याचे नाव आणि साल तरी मागच्या पानावर लिहून ठेवा. कागद टिकला नाही, तरी त्यावर कोणी तरी हाताने काही काढले होते, एवढे तरी मागे राहील.

परवा मुलाला सायकल शिकवीत होतो. त्याची सायकल त्याच्या उंचीची, दांडीखालून पाय घालण्याचे कष्ट त्याला नाहीत. कॅरिअर धरून मी मागे धावलो, थोड्या वेळाने हळूच सोडले. तो गेला. घरी आल्यावर त्याने विचारले, "बाबा, तुम्ही कधी सोडलं?" मी त्याला शंभर कोरे कागद शिवून दिले आहेत. पहिल्या कागदाच्या कोपऱ्यात पूल काढला आहे, आणि मागच्या पानावर सरांचे नाव लिहिले आहे. सायकल त्याने काढायची आहे. चाकांत तारा घालू नकोस, एवढे मात्र मी त्याला अजून सांगितलेले नाही. ते त्याचे त्याला सापडू दे.